साडेअकरा किलो

माझ्या बायकोला पाट्या वाचायचं व्यसन आहे. 'पुढे धोक्याचे वळण आहे' ही पाटीसुद्धा ती सावकाश, मोठ्यानं आणि पूर्ण वाचते. तोवर वळण मागं पडलेलं असतं आणि मी कपाळावरचा घाम पुसत असतो. संग्रहालयात गेली की दाराच्या डाव्या हातानं सुरुवात करते आणि 'वस्तूंना हात लावू नये' धरून एकूण एक अक्षर वाचून उजव्या हातानं बाहेर पडते. मी बघतो ते मुख्यतः बाकाकडं. पण छोट्या संग्रहालयात बाक एकच असतो आणि त्यावर पहारेकरी बसलेला असतो, त्यामुळं माझाही नाइलाजानं थोडा इतिहास झालेला आहे.

चौतीस वर्षं तिनं शाळेत इतिहास शिकवला. सहली पुष्कळ काढल्या. "पण त्या सहलींत मी काय बघितलं? मुलं मोजली," असं ती म्हणायची. पंचेचाळीस नेली होती, पंचेचाळीस आणायची, एवढाच तिचा अजिंक्यतारा आणि तेवढाच तिचा प्रतापगड. म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं आमच्या जुन्या मारुतीतून निघालो. नावानं मारुती, पण घाट दिसला की उड्डाण सोडाच, साधी संजीवनीसुद्धा तिला आठवत नाही. वाई, सातारा, औंध, कोल्हापूर असा बेत होता. निघालो मंगळवारी. मंगळवारी प्रवासाला निघू नये असं माझी आई म्हणायची, पण सोमवारी संग्रहालयं बंद असतात हे आईला ठाऊक नव्हतं.

खंबाटकीचा घाट चढून खामजाईच्या देवळापाशी थांबलो. कारण देवदर्शन असं मी सांगितलं, मारुतीलाही ते पटलं. तिथून खाली उतरून सुरूरला वळलं की वाईचा रस्ता लागतो आणि जुने वड भेटायला लागतात. त्या सावलीत गाडी लावून पोळीभाजी खाताना बायको फार खुशीत होती. "ह्या वाईत काय आहे ठाऊक आहे?" असं तिनं विचारलं. "ढोल्या गणपती," मी म्हटलं. आणखी? "विश्वकोश." तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशांनी मराठी विश्वकोशाचा संसार इथंच मांडला, एवढं मलाही ठाऊक आहे. "आणि राजवाडे," ती म्हणाली.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे माझ्या संसारातलं एक अदृश्य माणूस आहे. सासऱ्यांचा उल्लेख कमी होतो, राजवाड्यांचा रोज होतो. ह्या वाईतल्याच एका जुन्या वाड्यात त्यांना पानिपताच्या काळातल्या पत्रव्यवहाराचं घबाड मिळालं आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' ह्या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला. पुढं बावीस खंडांपर्यंत मजल गेली. गावोगाव पायपीट करायची, वाड्यांच्या माळ्यांवर चढायचं, कुणी कागद दाखवले तर नकलून घ्यायचे, न दाखवले तर चार शब्द सुनावून पुढच्या गावाला जायचं. हे सगळं ती सांगत होती आणि माझ्या घशात पोळीचा घास अडकत होता. त्याचं कारण आहे, पण ते मेणवलीला कळेल.

मेणवली वाईपासून हाकेच्या अंतरावर, कृष्णाकाठी. १७६८ साली हे गाव नाना फडणिसांना मिळालं, आणि देणाऱ्यांत औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी होते. सहा चौकांचा वाडा आणि मागं अर्धचंद्राकृती घाट. 'स्वदेस' चित्रपटात हा घाट सगळ्या देशानं बघितलाय. घाटावरच्या देवळापाशी एक भली मोठी घंटा आहे. बायकोनं चष्मा पुसून तिच्यावरची अक्षरं शोधली. साल १७०७, आणि शेजारी बाळ कडेवर घेतलेली बाई. देवकी नव्हे आणि यशोदाही नव्हे, मेरी! १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चांच्या घंटा लुटीत आल्या आणि सरदारांनी ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशकात नारोशंकराच्या देवळात एक आहे. ही मेणवलीची. तेव्हापासून येशूची आई महादेवाच्या पूजेची वेळ सांगते आहे, आणि दोघांपैकी कुणाची तक्रार ऐकिवात नाही.

मग आम्ही घाटाच्या पायरीवर बसलो. बायको म्हणाली, नानांचं दप्तर इथंच होतं. रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी ते उजेडात आणलं. पारसनीस म्हणजे कागद गोळा करण्यातला राजामाणूस. त्यांच्या संग्रहासाठी १९२५ साली साताऱ्यात संग्रहालयाची इमारत उघडली, पुढच्याच वर्षी ते गेले आणि १९३९ साली तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला.

"बघा," ती पाण्याकडं बघत म्हणाली, "नानांच्या एवढ्या दप्तराला वाळवी लागली नाही. आपल्याच घरच्या रुमालांना बरी लागली!"

आता सांगायलाच हवं. आमच्या घराण्याकडं गावचं कुलकर्णीपण होतं. वाड्याच्या माळ्यावर एक लाकडी पेटी होती आणि तिच्यात लाल कापडात बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठे होते. त्यांना रुमाल म्हणायचे. लग्न होऊन आली तेव्हा बायकोनं ती पेटी उघडून बघितली आणि "मी मोडी शिकणार" म्हणाली. मग नोकरी, मग पोरं. १९८४ साली चुलत्यांनी वाडा विकायला काढला. माळा रिकामा करायचं काम माझ्याकडं आलं, ती तेव्हा बाळंतपणाला माहेरी. रद्दीवाला आला. त्यानं एक कागद उजेडात धरला आणि म्हणाला, "ह्ये कुणाला वाचाया येतंय? पुडीला बी कडक हाय. निम्मा भाव लावतो." मी लावून घेतला. आलेल्या पैशांत एस. टी.चं तिकीट निघालं आणि स्टँडवर एक भज्यांची प्लेट. घरी येऊन सांगितलं, वाळवी लागली होती.

चाळीस वर्षं ती वाळवी आमच्या घरात सुखानं नांदली. पण त्या पायरीवर काय झालं कोण जाणे. पाणी फार संथ होतं. किंवा वयाच्या सत्तरीला थाप सांभाळायचासुद्धा कंटाळा येतो.

"वाळवी नव्हती," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. भज्यांसकट.

ती बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, "किती होते?"

"साडेअकरा किलो."

"अर्धा किलोसुद्धा आठवतो तुम्हाला," ती म्हणाली आणि उठून गाडीत जाऊन बसली.

साताऱ्यापर्यंत एकही पाटी वाचली गेली नाही. ज्यांची बायको पाट्या वाचत नाही त्यांना हे सुख वाटेल, पण मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा वळणांची भीती वाटली.

साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात त्या वर्षी जुलैपासून लंडनहून आलेली वाघनखं ठेवली होती. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं ती तीन वर्षांच्या बोलीवर दिलेली. ती पूर्वी ग्रँट डफच्या घराण्यात होती. हा डफ १८१८ ते १८२२ ह्या काळात साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी होता, आणि मराठ्यांचा इतिहास लिहून १८२६ साली त्यानं तो छापला. अफजलखानाच्या पोटात गेली ती हीच, अशी खात्री देता येत नाही, हे लंडनच्या म्युझियमनं आपण होऊन सांगितलेलं आहे. रांगेतल्या कुणाला त्याची फिकीर नव्हती. पोरं बापाच्या खांद्यावर बसून बघत होती. एवढीशी पोलादी वस्तू! बायकोनं तिथली सगळी माहिती वाचली, पण मनातल्या मनात. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "कंदी पेढे घेऊ का?" ती म्हणाली, "घ्या." ह्या 'घ्या'चा अर्थ विवाहित वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी रहिमतपूरवरून औंधला गेलो. आता औंध म्हणजे काय? खटाव तालुक्यातलं गाव. गावात एक उंच दीपमाळ, टेकडीवर मूळपीठ यमाईचं देऊळ. आणि टेकडीच्या अंगावर, देवीच्या वाटेवर, श्रीभवानी संग्रहालय. वाटेत बैलांच्या शिंगाला रंग लावणारं एखादं दुकान दिसावं आणि आत गेल्यावर हेन्री मूर भेटावा, असा हा प्रकार आहे. हेन्री मूर म्हणजे विसाव्या शतकातल्या इंग्लंडचा सर्वांत मोठा शिल्पकार. त्याचं 'आई आणि मूल' औंधात आहे. लंडन, न्यूयॉर्क आणि औंध, तालुका खटाव!

हे सगळं एका माणसाच्या नादिष्टपणानं झालं. भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८, गादीवर आले १९०९ साली. संस्थान केवढं, तर बहात्तर गावांचं. राजेलोकांना नाद असतातच. कुणी घोडे बाळगतात, कुणी कुत्री, कुणी मोटारी. ह्या राजाला चित्रं काढायचा नाद होता. स्वतः रामायणाची चित्रमाला काढून त्यांनी ती १९१६ साली छापली. स्वतः कीर्तन करायचे. राजा कीर्तनाला उभा राहिल्यावर मधेच उठून जायची प्रजेची काय टाप! सूर्यनमस्कार तर इतके प्रिय, की संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले, स्वतः रोज घातले आणि त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहून साहेबालाही घालायला लावले. साने गुरुजी काही काळ औंधच्याच शाळेत होते, ग. दि. माडगूळकरही. श्रीपाद दामोदर सातवळेकर १९१८ साली इथं आले आणि वेदांची भाषांतरं करत कैक वर्षं राहिले. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष हेच राजेसाहेब. आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताच्या कामासाठी त्यांनी एक लाख रुपये कबूल केले, तेसुद्धा सोन्याचा भाव वीस-तीस रुपये तोळा होता त्या काळात! १९१९ साली सुरू झालेली ती चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. बाळासाहेब १९५१ सालीच गेले होते. आपण पैसे घातलेलं पुस्तक आपल्यामागं पंधरा वर्षांनी संपणार, हे माहीत असूनही बहुधा त्यांनी ते घातले असते. आम्ही फ्लॅटचा ताबा सहा महिने लांबला तर ग्राहक मंचात जातो.

संग्रहालयाची इमारत १९३८ ची, आणि लगेच १९३९ च्या जानेवारीत ह्या राजानं राज्यच देऊन टाकलं. गांधीजींच्या सल्ल्यानं घटना झाली, कारभार गावपंचायतींकडं गेला. त्या घटनेच्या कामात मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर होता. पुढं खेतवाडीत विडीचं दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांची मराठी वचनं इंग्रजीत नेणारा तोच. आणि आटपाडीजवळ कैद्यांना भिंतीशिवाय ठेवायची स्वतंत्रपूर वसाहत निघाली, तीही ह्याच वर्षी. माडगूळकरांनी तिच्यावरून कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. कैद्यांना मोकळं सोडलं, तरी ते पळाले नाहीत. ह्या उदाहरणाचा माझ्या बाबतीत काही उपयोग होईल का, असा विचार करत मी बायकोच्या मागं चाललो होतो.

आत दालनामागून दालन. हस्तिदंत, चंदन, अजिंठ्याच्या नकला, युरोपातल्या नामांकित पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती, धुरंधरांची चित्रं. त्या प्रतींना मी पूर्वी हसलो असतो. पण विचार करा, ज्या शेतकऱ्याच्या पोराला सातारासुद्धा लांब, त्यानं ग्रीस केव्हा बघायचं? राजानं ग्रीस टेकडीवर आणून ठेवलं. यमाईला नवस फेडायला आलेली माणसं वाटेवर व्हीनस बघून जातात. हसण्यासारखं त्यात काही नाही.

आणि मग राजा रविवर्मा. मूळ तैलचित्र, छापील नव्हे. बायको थांबली. चष्मा वर केला, खाली केला. आणि मोठ्यानं वाचायला लागली. चित्राचं नाव, चित्रकाराचं नाव, सगळं. मी बाकाकडं जाता जाता परत आलो.

"आपल्याकडं देवघराशेजारी ती लक्ष्मी आहे ना," ती म्हणाली, "ती ह्याच्याच छापखान्याची." १८९४ साली रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला, पुढं तो मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या. त्यांतली एक आमच्या वाड्यातून आईबरोबर पुण्याला आली.

"तिची काच कुणी बदलली होती?"

"अण्णांनी. मी शाळेत असताना फुटली होती. चेंडूनं." कुणाच्या, ते विचारू नये.

"मागं खाकी कागद आहे. त्याचा एक कोपरा फाटलाय, आतलं काहीतरी लिहिलेलं दिसतं. मला इतकी वर्षं वाटायचं फ्रेमवाल्याचं बिल असेल." ती माझ्याकडं वळली. "अण्णा घरातलंच काहीतरी लावायचे ना हो आत?"

अण्णांनी आयुष्यात नवा पुठ्ठा विकत आणला असेल, असं मला वाटत नाही. मी म्हटलं, "चल, पुण्याला जाऊ. कोल्हापूर पुढं कधीतरी."

"काही नको. साठेक वर्षं थांबलाय तो कागद, दोन दिवस आणखी थांबेल. मला टाउन हॉल बघायचाय."

पुसेसावळीवरून कऱ्हाड आणि कऱ्हाडहून कोल्हापूर. ह्या रस्त्यावर सगळ्या पाट्या वाचल्या गेल्या. 'वाहने सावकाश हाका'ला तर मला फार बरं वाटलं.

कोल्हापूरचा टाउन हॉल १८७२ ते १८७६ ह्या काळात चार्ल्स मँट ह्या इंग्रज वास्तुकारानं बांधला. बाहेरून एखाद्या चर्चचा चुलतभाऊ. आतल्या संग्रहालयाचं मूळ मात्र पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात आहे. तिथं १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी आणि दीक्षितांनी उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळातलं गाव निघालं. आणि ब्रह्मपुरीच्याच काशाच्या वस्तूंत एक वीतभर उंचीचा देव. दाढीवाला, उघडाबंब. हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. रोमन व्यापाराच्या दिवसांत हा बंदरात उतरला आणि सह्याद्री चढून कोल्हापुरास आला. ज्या देवाला समुद्राशिवाय करमत नाही, तो जवळजवळ दोन हजार वर्षं पंचगंगेच्या मातीत!

बायको काचेला नाक लावून उभी होती. "हा जुन्या भांड्यांबरोबर होता म्हणे," ती म्हणाली. "एखाद्या तांबटानं मोडीत घालायला म्हणून ठेवला असेल. राहून गेलं त्याचं घालायचं." मग माझ्याकडं न बघता, "सगळ्यांना तुमच्यासारखी घाई नसते." हे वाक्य तिनं हसून म्हटलं असं मी माझ्या सोयीनं धरून चाललो. रात्री तांबड्या रश्श्याच्या वेळी तिनं माझ्या वाटीत स्वतःच्या वाटीतला अर्धा ओतला. तिला तो तिखट लागतो, हे खरं. तरीपण.

पुण्यात आल्यावर हातपाय न धुता तिनं लक्ष्मी खाली उतरवली. मी पकडीनं चुका काढल्या. खाकी कागद निघाला, त्याच्याखाली एक पातळ फळी, आणि फळी हलू नये म्हणून लावलेले जाड हातकागदाचे दोन तुकडे. मोडी. अण्णांनी फ्रेमच्या मापात बसावेत म्हणून ते कात्रीनं सरळ कापलेले. शाई अजून काळीभोर. तिनं ते जेवणाच्या टेबलावर पसरले आणि चारी कोपऱ्यांवर स्टीलच्या वाट्या ठेवल्या. "वजन करून ठेवा," एवढंच मला म्हणाली.

त्यानंतर आमच्या घरातून रद्दी जाणं फार अवघड झालं आहे. वाण्याच्या यादीचा कागदसुद्धा तिच्या सहीशिवाय बाहेर जात नाही. आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ती भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीच्या वर्गाला जाऊ लागली. मी सोडायला जातो, बाहेर मारुतीत बसतो. वर्गातून आली की टेबलावरचे तुकडे घेऊन बसते, भिंग डोळ्याला लावते, आणि एकेक अक्षर मोठ्यानं उच्चारते. मी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजतो आणि ऐकतो.

आजवर तिला तीन शब्द नक्की लागले आहेत. एक 'तूप'. एक आमचं आडनाव. आणि एक 'बाकी'. कुणाकडून किती येणं होतं की आम्हीच कुणाचं देणं होतो, तो आकडा अण्णांच्या कात्रीपलीकडं गेला आहे.